जामीनदाराची दिवाळखोरी: दोन हजारांच्या अर्जात काय मिळतं, काय निसटतं

कंपनीच्या कर्जाला संचालकाने, त्याच्या बायकोने किंवा भावाने वैयक्तिक जामीन दिलेला असतो. कंपनी बुडाली की बँक जामीनदाराचं दार ठोठावते. अशा जामीनदारासाठी दिवाळखोरी संहिता, २०१६ च्या तिसऱ्या भागातली प्रक्रिया १ डिसेंबर २०१९ पासून चालू आहे. मुंबईत त्यासाठी कफ परेडच्या राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणात, म्हणजे एनसीएलटीत जावं लागतं. पासपोर्ट किंवा दस्तनोंदणीसारखी एक सरकारी सेवा म्हणून हिची परीक्षा घेतली तर गुण काठावरचेच पडतात. दिलासा अर्ज दाखल होताक्षणी मिळतो, पण अर्जदार खरा की खोटा हे बघायला यंत्रणा फार उशिरा पोचते. आणि ज्या छोट्या कर्जदारासाठी असा दिलासा सगळ्यात आधी हवा होता, त्याची खिडकी कायद्यात लिहून ठेवली आहे खरी, पण आजवर उघडलेली नाही.

अर्ज, खर्च आणि कागदपत्रं

वाटा दोन आहेत. जामीनदार स्वतः कलम ९४ खाली फॉर्म ‘ए’ भरतो, किंवा धनको कलम ९५ खाली फॉर्म ‘सी’ भरतो. शुल्क २,००० रुपये. जामीन दोन कोटींचा असो की दोनशे कोटींचा, शुल्कात फरक नाही. खरा खर्च वकिलाचा, रिझोल्यूशन प्रोफेशनलचा (अर्जाची माहिती गोळा करून शिफारस करणारा व्यावसायिक, वकील मंडळी त्याला ‘आरपी’ म्हणतात) आणि पुढे वर्तमानपत्रातल्या जाहिरातींचा. थकबाकीची किमान मर्यादा कलम ७८ नुसार फक्त १,००० रुपये आहे. सरकारला ती १ लाखापर्यंत वाढवता येते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याचा उपयोग कसा होतो ते येईल.

फॉर्म ‘ए’ला जामीनपत्राची प्रत, देण्यांची आणि मालमत्तेची यादी, मागच्या तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं जोडायची. अर्ज अडतो तो बहुधा मालमत्तेच्या यादीत. गावाकडची सामायिक जमीन, वारसाने नावावर लागलेला सातबारा, पत्नीबरोबर संयुक्त असलेली मुदतठेव, डीमॅट खातं यांतलं काहीतरी राहून जातं. बँकेच्या वकिलाला तेवढं पुरतं, कारण अपुरी माहिती आणि लपवलेली माहिती यांत सुनावणीच्या दिवशी फारसा फरक उरत नाही.

बँकेच्या बाजूने घोळ दुसरीकडे होतो. अर्जाआधी फॉर्म ‘बी’ची मागणी नोटीस द्यायची आणि १४ दिवस थांबायचं, एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण नियमांत ‘जामीनदार’ म्हणजे ज्याची गॅरंटी इन्व्होक झाली आहे, म्हणजे जामिनावर पैशाची मागणी झाली आहे, आणि पैसे आलेले नाहीत, असाच माणूस. सरफेसी कायद्याची (बँकेला तारण मालमत्ता न्यायालयाबाहेर विकू देणारा कायदा) १३(२) ची नोटीस गेली की गॅरंटी आपोआप इन्व्होक झाली, असं वसुली खातं धरून चालतं. जामीनपत्रात मागणी कशी करायची, कोणत्या पत्त्यावर करायची हे लिहिलेलं असतं. त्याप्रमाणे जामीनदाराच्या नावाने स्वतंत्र पत्र गेलेलं नसेल, तर वर्ष-दीड वर्षाने अर्ज याच मुद्द्यावर पडू शकतो. अर्ज करण्याच्या तीन वर्षांच्या मुदतीचा हिशेबही त्याच पत्रापासून मांडला जातो. कंपनीवर दिवाळखोरीची कारवाई चालू असलीच पाहिजे असं मात्र नाही. महेंद्रकुमार जजोडिया प्रकरणात २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तसं सांगितलं आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही.

पहिल्या दिवशी मिळणारी स्थगिती

सेवेतला सगळ्यात मोलाचा आणि सगळ्यात जास्त वापरून घेतला गेलेला भाग म्हणजे कलम ९६. अर्ज दाखल झाला की त्या दिवसापासून अंतरिम स्थगिती लागू. कर्जाबाबतचे चालू खटले थांबतात, नवे घालता येत नाहीत. न्यायाधीशाने काही बघावं लागत नाही, आदेशही लागत नाही.

हेतू चांगला आहे. बँक एकीकडे, एनबीएफसी दुसरीकडे, पुरवठादार तिसरीकडे अशी ओढाताण थांबावी, सगळ्यांना एका टेबलावर बसवावं आणि माणसाला श्वास घ्यायला जागा मिळावी. पण सरफेसीचा लिलाव गुरुवारी असेल, तर बुधवारी संध्याकाळी ई-फायलिंग करून गुरुवारी सकाळी अर्जाची पोच लिलाव अधिकाऱ्याच्या हातात ठेवण्याची चाल वसुली विभागांना आता तोंडपाठ झाली आहे. नवऱ्याचा अर्ज फेटाळला जाईल असं दिसलं की बायकोचा दाखल होतो, मग भावाचा. काही ठिकाणी ओळखीतला एखादा सावकार वा पुरवठादार धनको म्हणून पुढे होतो आणि कलम ९५ खाली अर्ज टाकतो. मर्यादाच १,००० रुपयांची, त्यामुळे असा ‘धनको’ शोधायला लांब जावं लागत नाही.

आता कायद्याचा मजकूर जरा जवळून वाचू. कलम ९४(५) म्हणतं की मागच्या बारा महिन्यांत अर्ज ‘दाखल करून घेण्यात आला’ असेल तर पुन्हा अर्ज करता येणार नाही. दाखल करून घेणं म्हणजे कलम १०० खालचा आदेश. त्या आदेशापर्यंत न पोचलेल्या, मधेच मागे घेतलेल्या किंवा फेटाळलेल्या अर्जाचा या बंदीत उल्लेखच नाही. म्हणजे स्थगिती उपभोगायची, आदेश जवळ आला की अर्ज मागे घ्यायचा, आणि नव्याने यायचं, याला कलमाच्या शब्दांत आडकाठी नाही. न्यायाधिकरण आपल्या अधिकारात रोखू शकतं, पण ते प्रत्येक पीठावर आणि त्या दिवशीच्या बोर्डावर अवलंबून राहतं.

अमेरिकेने २००५ च्या सुधारणेत नेमकं हेच भोक बुजवलं. पहिल्यांदा अर्ज केला तर स्थगिती पूर्ण. मागच्या एका वर्षात एक प्रकरण फेटाळलं गेलेलं असेल तर दुसऱ्या अर्जावर स्थगिती ३० दिवसांत संपते, वाढवून हवी असेल तर अर्जदाराने आपला हेतू प्रामाणिक असल्याचं सिद्ध करायचं. दोन प्रकरणं फेटाळलेली असतील तर तिसऱ्या अर्जावर आपोआप काहीच मिळत नाही, न्यायालयाकडे मागावं लागतं. प्रामाणिक माणसाला पहिल्या वेळी कसलाही त्रास नाही, आणि वारंवार येणाऱ्याला दर खेपेला कमी. त्या सुधारणेतल्या उत्पन्नाच्या चाचणीवर आणि सक्तीच्या समुपदेशनावर टीका करायला भरपूर जागा आहे, पण हे एक कलम उचलून आणण्याजोगं आहे.

कलम ९६ मधली दुसरी उणीव त्याहून गंभीर आहे. अर्ज दाखल करून घेतल्यावर लागणाऱ्या कलम १०१ च्या स्थगितीत ऋणकोवर स्पष्ट बंदी आहे: मालमत्ता विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही, तिच्यावर बोजा चढवायचा नाही. कलम ९६ मध्ये असं एकही वाक्य नाही. म्हणजे अंतरिम काळात धनकोचे हात बांधलेले आणि ऋणकोचे मोकळे. हा काळ किती? कागदावर आयबीबीआयकडून (दिवाळखोरी नियामक मंडळ) आरपीची खातरजमा ७ अधिक ७ दिवसांत, आरपीचा अहवाल १० दिवसांत, त्यावर आदेश १४ दिवसांत, म्हणजे ३८ दिवस. प्रत्यक्षात महिनोन् महिने जातात, कारण पीठावर जागा रिकाम्या, तारखा लांबच्या आणि आरपी नेमण्यावरूनच वाद.

सर्वोच्च न्यायालयाने दिलीप जिवराजका प्रकरणात ९ नोव्हेंबर २०२३ रोजी ही सगळी रचना घटनात्मक ठरवली. आरपी न्यायनिवाडा करत नाही, तो माहिती गोळा करून शिफारस करतो, त्यामुळे त्याआधी सुनावणी नसली तरी अन्याय होत नाही, असा सूर होता. तिथे तक्रार जामीनदारांची होती. त्यानंतर २०२५ मध्ये आलेल्या दोन निकालांनी उलट बाजूने लगाम घातला. ४ मार्च २०२५ चा निकाल मुंबईकरांच्या ओळखीच्या दुखण्याचा: ताबा न दिलेल्या घरांवरून राष्ट्रीय ग्राहक आयोगाने बिल्डरला २७ दंड ठोठावले होते आणि बिल्डर कलम ९६ ची ढाल पुढे करत होता. न्यायालयाने सांगितलं की असे दंड म्हणजे व्यापारी कर्ज नव्हे, अंतरिम स्थगिती त्यांना लागू नाही. १ एप्रिल २०२५ रोजी चेक न वटल्याच्या कलम १३८ च्या खटल्यांबद्दलही तेच ठरलं. तेव्हा ‘एनसीएलटीत अर्ज टाका, चेकच्या केसेस थांबतील’ असं सांगणारा सल्लागार भेटला तर फी देण्याआधी उठून यावं.

ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकाने याहून टोकाचा उपाय सुचवला: कंपनीच्या कर्जाच्या वैयक्तिक जामीनदारांना अंतरिम स्थगितीच लागू नको. बँकांना हे आवडणारच. आमच्या मते हा उपाय म्हणजे साप म्हणून भुई धोपटणं आहे. अमेरिकेसारखी पायऱ्यांची स्थगिती, आणि सोबत कलम १०१ मधली विक्रीबंदी अर्जाच्या पहिल्याच दिवसापासून, एवढ्याने बहुतेक गैरवापर आटला असता. पैसे खरोखर नसलेला जामीनदार मात्र अर्जाच्या दुसऱ्या दिवशीही लिलावासमोर उघडा पडला नसता. अर्ज करण्याआधी कलम ९६ चा त्या दिवशी लागू असलेला मजकूर वकिलाकडून तपासून घ्यावा, हे ओघानेच आलं.

मधला टप्पा: आराखडा आणि मतदान

अर्ज दाखल करून घेतला की १८० दिवसांची स्थगिती सुरू होते. सात दिवसांत जाहीर सूचना निघते, धनकोंना दावे मांडायला २१ दिवस मिळतात. त्यानंतर ऋणको आरपीच्या सल्ल्याने परतफेडीचा आराखडा मांडतो. तो मंजूर व्हायला हजर राहून मत देणाऱ्या धनकोंच्या रकमेच्या तीन-चतुर्थांशाहून जास्त मतं लागतात. नातेवाईक आणि सहयोगी यांना मत नाही, ही गैरवापर रोखणारी तरतूद चोख आहे. नाहीतर मेव्हण्याच्या नावाने उसनवारीच्या चिठ्ठ्या तयार करून मतदान फिरवायला वेळ लागला नसता.

तारण असलेल्या बँकेला इथे कोडं पडतं. बैठकीत मत दिलं तर आराखड्याच्या काळात तारण विकायचा हक्क सोडावा लागतो, नाही दिलं तर आराखड्यात आवाज नाही. म्हणून पूर्ण तारण हातात असलेली बँक बहुधा बाहेर थांबते आणि आराखडा विनातारण धनकोंच्या जिवावर चालतो.

आराखडे पडतात ते बहुतेक वेळा एकाच कारणाने. ऋणको ‘जमीन विकून दोन वर्षांत इतके कोटी देतो’ असं लिहितो, पण त्या जमिनीची मोजणी, बिगरशेती परवानगी, सहहिस्सेदारांची संमती यांतलं काही जोडत नाही. धनकोला विकत घेणाऱ्याचं टोकन, बयाणा करार किंवा किमान मूल्यांकन अहवाल हवा असतो. दरमहा किती, कोणत्या खात्यातून, घरखर्चाला किती बाजूला ठेवलं आणि हप्ता चुकला तर काय, हे चार मुद्दे आकड्यांत लिहिलेला आराखडा निदान चर्चेला तरी घेतला जातो. आराखडाच न देता १८० दिवस बसून काढणाऱ्यांसाठी आयबीबीआयने २०२५ मध्ये नियम बदलून, आराखडा न आल्यास आरपीने प्रकरण संपवण्यासाठी न्यायाधिकरणाकडे जावं, अशी सोय केली. उशिरा का होईना, बरं झालं.

अर्ज धनकोंना फसवण्याच्या हेतूने केला, असं आरपीच्या अहवालावरून ठरून फेटाळला गेला, तर कलम १००(४) खाली धनकोला थेट दिवाळखोरीचा अर्ज करण्याची मुभा आदेशातच मिळते. हे हत्यार चांगलं आहे. ते चालवायचं तर आरपीला १० दिवसांत फसवणूक ओळखता आली पाहिजे, आणि त्याच्याकडे बँक खाती किंवा दुय्यम निबंधकाच्या नोंदी स्वतःहून उघडण्याची सोय नाही. तो माहिती मागतो, समोरच्याला सात दिवस मिळतात, आणि दहातले सात तिथेच सरतात. धनको बँकेने वाट न पाहता दस्तनोंदणी खात्याच्या (आयजीआर) सूची-२ मधले मागच्या तीन-चार वर्षांतले बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र स्वतः काढून पहिल्या आठवड्यातच आरपीच्या टेबलावर ठेवावेत.

शेवटचा टप्पा, आणि सरकत्या तारखेचा घोळ

आराखडा नाकारला गेला तर तीन महिन्यांत दिवाळखोरीचा अर्ज. दिवाळखोर जाहीर झाल्यावर मालमत्ता ट्रस्टीकडे जाते. धंद्याची हत्यारं आणि रोजच्या वापरातलं घरसामान सुटतं, बोजा नसलेले अंगावरचे दागिने १ लाखापर्यंत सुटतात, आणि बोजा नसलेलं एक राहतं घर शहरात २० लाख, ग्रामीण भागात १० लाखांपर्यंत. नांदेड-परभणीत एखाद्याचं जुनं घर यात बसेल. मुंबई-पुण्यात २० लाखांत बसणारं घर दाखवा, आणि ते बोजामुक्त असेल तर त्याहून नवल, कारण जामीनदाराचं घर बँकेने आधीच गहाण घेतलेलं असतं.

वर्षभराने मुक्तता मिळते. फसवणूक, विश्वासघात, न्यायालयीन दंड, पोटगी आणि शैक्षणिक कर्ज यांतून मात्र सुटका नाही. त्या काळात कंपनीचं संचालकपद नाही, न्यायाधिकरणाच्या परवानगीशिवाय परदेशवारी नाही. मुलगी न्यू जर्सीत बाळंत होणार असेल तरी अर्ज करावाच लागतो. एवढ्या बंधनांच्या बदल्यात एका वर्षात पाटी कोरी होणं हा सौदा जगाच्या मानाने उदार आहे.

आणि इथेच ती सरकती तारीख गोत्यात आणते. कवडीमोलाने किंवा बक्षीस म्हणून दिलेली मालमत्ता परत खेचण्यासाठी कलम १६४ दोन वर्षं मागे जातं. नातेवाइकांना झुकतं माप दिलं असेल तर कलम १६५ सुद्धा दोन वर्षं, इतरांबाबत सहा महिने. पण ही दोन वर्षं मोजायची ती दिवाळखोरीचा अर्ज दाखल झाल्याच्या दिवसापासून, कलम ९४ च्या पहिल्या अर्जापासून नव्हे. उदाहरण घ्या. जानेवारी २०२२ मध्ये मुलाला फ्लॅटचं बक्षीसपत्र. मार्च २०२२ मध्ये कलम ९४ चा अर्ज. अंतरिम स्थगिती, आरपी, आराखडा, नकार यांत वेळ गेला आणि दिवाळखोरीचा अर्ज आला फेब्रुवारी २०२४ मध्ये. बक्षीसपत्र दोन वर्षं उलटून गेलेलं, कलम १६४ च्या हाती लागत नाही. जी स्थगिती प्रामाणिक माणसाला वाचवण्यासाठी होती, तिनेच लबाडाला पळायला वेळ दिला. धनकोला मग मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली दिवाणी न्यायालयात जावं लागतं, आणि तो रस्ता किती लांबचा ते सांगायला नको. मोजणी पहिल्या अर्जापासून धरली तर हे भोक एका वाक्यात बुजतं.

न उघडलेली खिडकी

याच संहितेच्या कलम ८० मध्ये ‘फ्रेश स्टार्ट’ आहे, छोट्या कर्जदाराला कर्जातून पूर्ण मोकळं करणारा. तो अजून लागू केलेला नाही. अटी बघा: वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत, माफीयोग्य कर्ज ३५,००० पर्यंत, आणि स्वतःचं घर नको, गहाण असलेलंही नको. महिना पाच हजार कमावणारा माणूस. तुलनेला रिझर्व्ह बँकेची सूक्ष्मकर्जाची व्याख्या घ्या: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत. म्हणजे बचत गटाकडून किंवा मायक्रोफायनान्सकडून रीतसर कर्ज मिळण्याला जे घर पात्र आहे, त्यातलं बहुसंख्य या माफीला अपात्र ठरेल. गैरवापर रोखणारी अटही आहे, अर्जाआधीच्या तीन महिन्यांत काढलेलं कर्ज माफ होत नाही, आणि ती एकटीच पुरेशी शहाणी होती. उत्पन्नाच्या आकड्याने दार इतकं अरुंद केलं की ते उघडलं काय आणि बंद काय.

इंग्लंड-वेल्सची ‘डेट रिलीफ ऑर्डर’ याच जातीची, २००९ पासून चालू. कर्जाची मर्यादा तिथे १५,००० पाउंडांवरून वाढत २८ जून २०२४ पासून ५०,००० झाली, ९० पाउंडांचं शुल्क एप्रिल २०२४ मध्ये रद्द झालं. मालमत्ता २,००० पाउंडांपर्यंत, गाडी ४,००० पर्यंत वेगळी, खर्च वजा जाता महिन्याला ७५ पाउंडांहून जास्त उरता कामा नये. अर्ज थेट करता येत नाही, मान्यताप्राप्त मध्यस्थ संस्थेच्या समुपदेशकाने बँक स्टेटमेंट बघून भरावा लागतो. चाळणी अशी दारातच आहे, न्यायालयाची पायरी चढायची नाही. लबाडी उघडकीस आली तर ऑर्डर रद्द, आणि २ ते १५ वर्षांची बंधनं.

आपल्याकडे त्या छोट्या कर्जदाराला आजही मुंबईत १९०९ चा आणि जिल्ह्यात १९२० चा दिवाळखोरी कायदा धरून जावं लागतं. ते दोन्ही रद्द करण्याची तरतूद नव्या संहितेत आहे, पण तीही लागू केलेली नाही. जिल्हा न्यायालयात असा अर्ज चालवलेला वकील सापडणं कठीण. म्हणून बहुतेक जण बँकेशी एकरकमी तडजोड करतात किंवा लोकअदालतीत बसतात. तडजोड केलीच तर रक्कम, तारीख आणि ‘उर्वरित सर्व देणी माफ’ हे शब्द बँकेच्या लेटरहेडवर घ्यावेत, पैसे रोख न देता खात्यातून द्यावेत, आणि नो ड्यूज मिळाल्यावर महिनाभराने क्रेडिट रिपोर्ट काढून पाहावा. तिथे ‘सेटल्ड’ असा शेरा दिसेल. पुढचं कर्ज देणारा तो शेरा पाहतो आणि ‘क्लोज्ड’पेक्षा हलका मानतो.

जामीनदाराचा अर्ज कोणी करावा? ज्याची देणी तीन-चार ठिकाणी विभागलेली आहेत, ज्याच्याकडे आराखड्यात दाखवायला ठोस उत्पन्न किंवा विकण्याजोगी मालमत्ता आहे, आणि ज्याने मागच्या दोन वर्षांत घरच्यांच्या नावाने काही फिरवलेलं नाही, त्याने. एकच बँक आणि एकच गहाण फ्लॅट असेल, तर बँकेशी बोलणी करून स्वतः ग्राहक आणलेला बरा. लिलावाच्या किमतीहून ती रक्कम बहुधा जास्त येते आणि आरपीची फी वाचते.